सामाजिक शास्त्रांतल्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण आखायचंय : काय ठेवावं, काय गाळावं?

सोनचाफा

नमस्कार. आमच्या संशोधन केंद्रात समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र मिळून २३ जण पीएचडी करताहेत. ९ पूर्णवेळ, त्यातले बहुतेक फेलोशिपवर. १४ जण नोकरी सांभाळून, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारे, तासिका तत्त्वावरचे, दोघे जिल्हा परिषदेतले. तिघांचा प्रबंध मराठीत आहे. कोर्सवर्क सगळ्यांचं उरकलंय.

व्यावसायिक कौशल्यं आणि मानसिक स्वास्थ्य या दोन्हींचं प्रशिक्षण आखायचं काम माझ्याकडे आलंय. प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ६० तास, एकूण ४५ हजार रुपये आणि एक हॉल. सुचवलेला आराखडा नेहमीचाच: दोन दिवस कार्यशाळा, दीपप्रज्वलन, ताणतणावावर व्याख्यान, एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची तोंडओळख, 'शोधनिबंध कसा लिहावा', समारोप, प्रमाणपत्र. त्यातून महिन्याभराने काय उरतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

तर तास कसे वाटू? स्वास्थ्याचा भाग कोणाकडे द्यावा? आणि गाईड मंडळींना यात कसं ओढावं?

---

कोरा_कागद

कार्यशाळा रद्द करता येत नसेल तर अर्ध्या दिवसावर आणा आणि फोटो काढून घ्या. खरं काम वेगळं आखा.

आखणी आरएसीपासून मागे मोजत करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे (आरएसी) सादरीकरण करून प्रगती अहवाल द्यावा लागतो. म्हणजे वर्षातून दोन तारखा आयत्याच मिळाल्या. त्या तारखांना हातात काय असायला हवं, यावरून बैठका ठरवा. मी वाटणी अशी करेन: लेखनबैठका ३२ तास (दोन-दोन तासांच्या १६), कौशल्यांची चार सत्रं मिळून १२, फिल्डवर्कची तयारी ६, स्वास्थ्य ६, पुढची वाट ४. हे तास विद्यार्थ्याच्या वाट्याचे. गट दोन केलेत तर तुमचे तास वाढतील, ते आधीच धरून चला.

आणि गट दोन करावेच लागतील. पूर्णवेळवाल्यांची बैठक बुधवारी दुपारी, नोकरीवाल्यांची रविवारी सकाळी. बारावीला शिकवणाऱ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यवेक्षण आणि मग पेपर तपासणी असते. त्या काळात बैठका ठेवल्या तर तीनच जण येतात आणि गट मोडतो. त्यांच्या १६ बैठका जून ते जानेवारीत बसवा.

दोन तासांची बैठक अशी: पहिली १० मिनिटं प्रत्येकाने आज काय लिहिणार ते एका ओळीत वहीत लिहायचं. मग ४० मिनिटं लेखन, १० मिनिटं चहा, पुन्हा ३० मिनिटं लेखन. शेवटची ३० मिनिटं एकाच्याच दोन पानांवर चर्चा. फोन टेबलावर उपडे. अर्धी मेहनत त्या एका ओळीवर घ्यायची असते. "प्रकरण तीन पुढे नेणे" हे काम नव्हे, ती इच्छा आहे. "मुलाखत ४ ते ७ मधून उचल (मजुरांना मिळणारी आगाऊ रक्कम) आणि मुकादम यांबद्दलची वाक्यं काढून, सारखी-वेगळी करून, एका पानावर मांडणे" हे काम. दोन तासांत ते झालं की नाही ते कोणालाही सांगता येतं. पहिल्या तीन बैठकांत निम्म्यांची ओळ फिरवून लिहायला लावा, पुढे सवय लागते.

दोन पानांच्या चर्चेत वाचणाऱ्यांनी तीनच गोष्टी सांगायच्या: कुठे अडखळलो, कुठला दावा पुराव्याशिवाय उभा आहे, कुठला परिच्छेद आधी यायला हवा होता. व्याकरणावर कोणी घसरलं की तिथेच थांबवा. लिहिणाऱ्याने चर्चा संपेपर्यंत खुलासा करायचा नाही, फक्त टिपून घ्यायचं. खुलासा सुरू झाला की अर्धा तास त्याच्या तोंडी परीक्षेत जातो.

गाईड या खोलीत नकोत. एक जरी येऊन बसले तरी मुलं कच्चं पान आणायचं बंद करतात.

---

पिंपळपान_समुपदेशक

स्वास्थ्याबद्दल लिहिते.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३२ टक्क्यांना मानसिक आजार जडण्याचा किंवा असण्याचा धोका दिसला. आपल्याला उपयोगी आहे ती त्यांनी शोधलेली कारणं: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, घर आणि काम यांतली ओढाताण, गाईडची वागण्याची पद्धत, निर्णयात सहभाग. त्यांतलं एकही कारण प्राणायामाने हलत नाही. योगाचा वर्ग ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण त्याला 'मानसिक स्वास्थ्य कार्यक्रम' म्हणू नका. ज्याला खरंच त्रास होतोय त्याला वाटतं, मला श्वासही नीट घेता येत नाही म्हणून हे झालंय.

६ तासांचे मी तीन तुकडे करेन, दोन-दोन तासांचे. पहिला झोप, रखडणं आणि कामाची लय यांवर. दुसरा टीका पचवणं आणि गाईडशी अवघड विषय काढणं, तोही प्रत्यक्ष वाक्यं बोलून सराव करत. तिसरा सोबत्याची अवस्था ओळखणं आणि त्याला कुठे न्यायचं ते. तिसरा तुकडा गाळू नका, कारण मुलं आधी मित्राला सांगतात, समुपदेशकाला नंतर.

या तिसऱ्या सत्रात एक गोष्ट स्पष्ट शिकवा. कोणी "सगळं संपवावंसं वाटतं" अशा अर्थाचं बोललं तर सरळ विचारायचं, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, जवळची साधनं दूर करायची आणि त्याच वेळी मदत गाठायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो हॉलच्या भिंतीवर नको, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे कोणी बघत नसताना टिपून घेता येतो.

चुका नेहमीच्या दोन. पहिली, पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली वर्गात वाटणं. नऊ प्रश्न आहेत, गुण ० ते २७, भरायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून आयोजकांना ती फार आवडते. पण नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यावर कोणी खूण केली आणि कागद गठ्ठ्यात आठवडाभर पडून राहिला तर जबाबदारी कोणाची? त्याच दिवशी बघणारा माणूस नसेल तर प्रश्नावली वाटू नका. दुसरी चूक, सगळ्यांना गोलात बसवून 'मन मोकळं करा' म्हणणं. त्या गोलातले लोक पुढे एकमेकांचे सहकारी आणि निवड समितीतले सदस्य होणार असतात.

समुपदेशक विभागातला प्राध्यापक नको, मानसशास्त्राचा असला तरी नको. बाहेरचा प्रशिक्षित माणूस महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, दुसऱ्या इमारतीत बसवा. वेळ थेट त्याच्याकडून घ्यायची, ऑफिसमधून नाही. विभागाला महिन्याला फक्त एकूण आकडा कळेल, नावं नाहीत, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. जिवाला धोका असेल तेव्हाच गोपनीयता मोडते, हेही त्यातच लिहा. तुमच्या ४५ हजारांतले ३० हजार इथे जाऊ द्यात: १० महिने, २० भेटी, भेटीला १,५००. उरलेल्यात चहा आणि प्रवास भागतो. शाल-श्रीफळ मात्र भागत नाही.

---

सोनचाफा

पीएचक्यू-९ चे २५ संच छापून तयार होते. कपाटात ठेवले.

एक राहिलं. आमच्या एका विद्यार्थिनीचं काम आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या स्त्रियांवर आहे, एकाचं बीडच्या ऊसतोड कामगारांवर. दोघांना फिल्डवर्कच्या सहा तासांत नेमकं काय द्यावं?

---

शिवारफेरी

सहा तास पुरतात, पण ते व्याख्यानात घालवू नका. दोन तास वेळापत्रक आणि सुरक्षितता, दोन तास मुलाखतीतला अवघड प्रसंग, दोन तास नोंदी आणि विदा (डेटा).

वेळापत्रक आधी, कारण निम्मे लोक तिथेच आपटतात. ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि हंगाम आटोपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. सहामाहीची आरएसी डिसेंबरात, म्हणून नोव्हेंबरात बीडच्या गावात जाऊन बसलात तर घरी म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरंच भेटणार. तोडीचं काम बघायचं तर कारखान्याच्या परिसरातल्या तळावर जावं लागेल. तिथे दिवस पहाटेच सुरू होतो. बोलायला कोयत्यातली बाई मोकळी होते ती रात्री भाकऱ्या झाल्यावर, आणि तेव्हा मुकादम शेजारी उभा असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा कोणाची मुलाखत घेतली तेही नोंदीत स्वच्छ लिहायचं. मुकादमासमोर उचलीचा आकडा विचारायचा नाही. तो प्रश्न उन्हाळ्यात, गावी, ओसरीवर.

दिवसाला जड मुलाखती दोनच. तिसरीला तुमचे कान बंद झालेले असतात आणि समोरच्या बाईला ते कळतं. संध्याकाळी ७ वाजता केंद्रातल्या एका ठरलेल्या व्यक्तीला 'पोचलो' एवढा निरोप. ८ पर्यंत आला नाही तर कोणाला फोन करायचा ते कागदावर आधीच लिहिलेलं हवं. शेवटच्या एसटीची वेळ सकाळीच विचारून ठेवायची.

अवघड प्रसंगाचा सराव करून घ्या. एक जण बाई होतो, एक संशोधक. बाई रडू लागली की नवखा संशोधक दोनातलं एक करतो: घाईघाईने पुढचा प्रश्न विचारतो, नाहीतर "सगळं ठीक होईल" म्हणतो. दोन्ही नको. रेकॉर्डर बंद करा, तो बंद केलेला तिला दिसू द्या, पाणी मागा किंवा द्या, थांबा. मग विचारा: "आज इथेच थांबवू का? नंतर कधी बोललात तरी चालेल, नाही बोललात तरी चालेल." मदतीचं आश्वासन देऊ नका. सरकारी मदत मिळवून देणारे आलेत असा समज आत्महत्याग्रस्त घरांत चटकन होतो, कारण आधी येऊन गेलेल्यांपैकी कोणीतरी तसं बोललेलं असतं. म्हणून तालुक्यातल्या उपयोगी कार्यालयांचे आणि हेल्पलाइनचे क्रमांक असलेला कागद सोबत ठेवा आणि तो सगळ्यांनाच द्या. रडणाऱ्यांनाच दिला तर गावात त्याचा अर्थ लागतो.

परतल्यावर ४८ तासांत गाईड सोडून दुसऱ्या कोणाशी तरी अर्धा तास बोलणं ठरवून ठेवा. विषय दोनच: तिथे काय ऐकलं जे अजून डोक्यात फिरतंय, आणि पुढच्या फेरीत काय बदलायचं. मुलाखत उतरवताना तेच दुःख पुन्हा सात-आठ वेळा कानावर पडतं, हे कोणी धरतच नाही. एका तासाचं मराठी रेकॉर्डिंग उतरवायला पाच ते आठ तास लागतात, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोली असेल तर वर. सलग दोन तासांच्या वर हे काम करू नये, रात्री तर नाहीच.

शेवटचं: मोफत मिळणाऱ्या ऑनलाइन ट्रान्सक्रिप्शनवर असल्या मुलाखती चढवू नका. तुम्ही संमतिपत्रात "रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे राहील" असं लिहिलेलं असतं. खऱ्या नावांची यादी वेगळी, मुलाखती सांकेतिक क्रमांकाने वेगळ्या, दोन्ही एका पेन ड्राइव्हवर नकोत.

---

ग्रंथपाल_मावशी

कौशल्यांच्या चार सत्रांतलं एक मला द्या. बाकी तीन तुम्ही ठरवा, पण एसपीएसएस सगळ्यांना शिकवू नका. २३ मधल्या ज्या सात-आठ जणांकडे सर्वेक्षण आहे त्यांनाच, आणि त्यांच्याच विदेवर.

माझे तीन तास असे. पहिला झोटेरोवर, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. फुकट आहे, देवनागरीत भरलेले संदर्भ नीट ठेवतं. साठवण मात्र ३०० एमबीच मिळते, म्हणून पीडीएफ आपल्याच संगणकात ठेवायच्या आणि फक्त नोंदी सिंक करायच्या. मराठी पुस्तकांच्या नोंदी हाताने भराव्या लागतात, कारण जालावरून उचललेल्या नोंदीत आडनाव-नावाची अदलाबदल झालेली असते. एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत देवनागरीत आणि दुसरीत रोमनमध्ये असेल तर सूचीत तो दोन माणसं होतो. हे व्हायव्हाच्या आदल्या रात्री सापडतं.

दुसरा तास साम्यतपासणीचा, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो ते बघण्याचा. २०१८ च्या यूजीसी नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध, ४० ते ६० ला वर्षभर सादर करायला बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. उद्धरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्यांचा मजकूर यांतून वगळायचा असतो. सॉफ्टवेअर आपण होऊन तो वगळतंच असं नाही, तेव्हा अहवाल उघडून प्रत्येक रंगीत ओळ बघायची, नुसता आकडा नाही. मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल तर यंत्राला तो गचाळ रोमन अक्षरं वाटतो आणि साम्य शून्य येतं. विद्यार्थी खूश होतो. पुढे शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) गेला की त्यातला एक शब्दही शोधात सापडत नाही. तुमच्या तिघांना आजच विचारा कुठला फॉन्ट आहे. चारशे पानं शेवटी बदलायची तर जोडाक्षरं आणि रफार तुटतात, आणि ते शोधत बसायला महिना जातो.

तिसरा तास नियतकालिकांचा. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तरी 'केअर लिस्टेड' म्हणून पैसे मागणारे अजून आहेत. शिवाय २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश तेवढा बघून घ्या. मुलांना एक सोपी परीक्षा शिकवा: मागच्या दोन अंकांतले पाच लेख उघडून वाचा. इतिहास, रसायनशास्त्र आणि हॉटेल मॅनेजमेंट एकाच अंकात असेल आणि लेख पाठवल्यापासून चार दिवसांत स्वीकृती येत असेल तर पुढे बघायचं कारण नाही.

---

आडवाट

'पुढची वाट' ला चारच तास? असो, चार तर चार. पण त्यात नेट-सेटचं भाषण नको, ते सगळ्यांना पाठ असतं. त्यापेक्षा प्रत्येकाकडून दोन पानी बायोडेटा लिहून घ्या, ज्यात 'पीएचडी' हा शब्द फक्त शिक्षणाच्या रकान्यात येईल. बाकी कामं क्रियापदांत: ६० घरांचं सर्वेक्षण आखलं, दोन अन्वेषकांना शिकवलं, ४० तासांच्या मुलाखती उतरवल्या, ग्रामसभेच्या दहा वर्षांच्या इतिवृत्तांवरून तक्ता केला. मूल्यमापन करणाऱ्या संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग, वृत्तपत्रं यांना हेच लागतं. २०२२ च्या नियमांत आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्य देता येतं. ते मुलं फुकट करतात आणि लेखी प्रमाणपत्र घेत नाहीत. सत्र संपताच विषय, वर्ग, तास लिहून सही घ्यायला लावा, विभागप्रमुख बदलले की कोणाला आठवत नाही.

आणि पैसा. स्वास्थ्यावर एवढं बोलणं झालं आणि फेलोशिपचं नाव कोणी काढलं नाही! जेआरएफ (पहिल्या दोन वर्षांची कनिष्ठ फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफ (त्यानंतरची वरिष्ठ) ४२,००० आहे ते कागदावर. दोन वर्षांनी एसआरएफसाठीची समिती वेळेवर बसली नाही, घरभाड्याचा कागद राहिला, दरमहाची खातरजमा विद्यापीठात करणारा माणूस रजेवर गेला, की तीन-चार महिने खात्यात शून्य. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवाल्यांचीही कथा अशीच कागदांवर अडते. एक तास यावरच घ्या: कुठला कागद, कोणाची सही, कुठल्या तारखेला. ऑफिसमधल्या क्लार्कलाच बोलवा, बाहेरच्या वक्त्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

---

सोनचाफा

क्लार्कभाऊंना विचारलं. "मला बोलावताय?" म्हणून दोनदा खात्री करून घेतली त्यांनी. येणार आहेत.

गाईडचं कोणीच लिहिलं नाही.

---

कोरा_कागद

गाईडना प्रशिक्षणाला बोलावू नका, येणार नाहीत. आले तर अध्यक्षीय भाषण करतील. त्यांच्यासाठी एका पानाची सोय करा.

भेटीच्या तीन दिवस आधी विद्यार्थ्याने गाईडना एक पान पाठवायचं: मागच्या वेळी काय ठरलं, त्यातलं काय झालं, आज निर्णय हवा असे दोन प्रश्न. भेटीनंतर २४ तासांत चार ओळी: "सर/मॅडम, आज ठरल्याप्रमाणे मी अमुक करतो. प्रकरण २ तमुक तारखेला देतो. आपण ते तमुकपर्यंत वाचून द्याल असं ठरलं." बस. तोंडी बोललेलं सहा महिन्यांनी दोघांना वेगवेगळं आठवतं आणि अर्धी कटुता त्यातून येते. हीच पानं जोडली की आरएसीचा अहवाल आपोआप तयार. गाईडना ही पद्धत 'विभागाने आरएसीसाठी सुरू केलेला नमुना' म्हणून द्या. विद्यार्थ्याने आपण होऊन सुरू केली तर "माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतोस का?" असं ऐकावं लागतं.

एका गाईडकडे प्राध्यापक असेल तर ८, सहयोगी ६, सहायक ४ अशी मर्यादा आहे. ज्यांच्याकडे आठ आहेत त्यांच्याशी आधी बोला, त्यांनाच ते पान सगळ्यात सोयीचं वाटेल.

---

पिंपळपान_समुपदेशक

यात भर. पानाने न सुटणाऱ्या गोष्टीही असतात: घरची कामं सांगणं, लेखावर नाव घालायला लावणं, आणि त्याहून गंभीर. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असते. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तिच्यावर संशोधक विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी असावा लागतो. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. इतर गाऱ्हाण्यांसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, आणि तिच्यावर लोकपाल.

मुलींना २४० दिवसांची मातृत्व किंवा बालसंगोपन रजा देता येते, आणि कमाल मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे. ही तरतूद माहीत नसल्याने नोंदणी सोडून दिलेल्या सापडतात. समित्यांवरच्या आजच्या सदस्यांची नावं आणि रजेचा अर्ज, दोन्ही पहिल्या बैठकीतच वाटा, तिसऱ्या सत्राची वाट बघू नका.

---

सोनचाफा

पहिली बैठक जूनच्या दुसऱ्या रविवारी ठरवली. तिघांच्या फॉन्टची चौकशी केली: दोघांचा युनिकोड, एकाचा जुना, २१० पानं झालीत. मावशी, कुठून सुरुवात करू?

---

ग्रंथपाल_मावशी

आधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवायला सांगा. मग फक्त प्रकरण एक बदलून बघायचं, सगळा प्रबंध एकदम नाही. बदललेल्या फाइलमध्ये 'र्‍या', 'क्ष', 'श्र' आणि अवतरणचिन्हं शोधायची, मोडतोड बहुतेक तिथेच असते. इंग्रजी शब्द आणि तळटीपांतले आकडे युनिकोड करताना बिघडतात, ते मूळ प्रतीशी ताडून घ्यायचे. दिवसाला १५ पानं धरली तर १४ दिवसांचं काम आहे. तुमच्या रविवारच्या बैठकीत त्याच्या वहीतली पहिली ओळ हीच असू दे.